घरगुती उपकरणे आणि ज्वालाग्राही वस्तूंचे स्टंट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी, होळी आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की इंदूरमधील अनेक मराठी घरांतील मुले मोबाइलवर पाहिलेले प्रकार गच्चीवर किंवा मागच्या अंगणात करून पाहू लागतात. उपकरणांच्या दुरुस्तीच्या व्यवसायात असल्यामुळे पालक आणि मुले मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. कोणताही प्रकार कसा करावा हे येथे सांगितलेले नाही. तो अंगाशी का येतो आणि आल्यास काय करावे, एवढेच सांगितले आहे.

या पानावर कोणत्या प्रकारांचा विचार केला आहे?

चित्रीकरणासाठी, पैजेखातर किंवा निव्वळ कुतूहलापोटी उपकरणे फोडणे, जाळणे, त्यांचे भाग काढून भलत्याच कामाला लावणे, तसेच स्प्रेचे डबे, सॅनिटायझर, पेट्रोल, कार्बाइड, बॅटऱ्या व फटाके यांच्याशी केलेला आगीचा खेळ. तारांच्या बिघाडाने किंवा स्वयंपाकातील निष्काळजीपणाने लागणाऱ्या आगीचा विषय वेगळा आहे. तो येथे घेतलेला नाही.

उपकरण भंगारातले आहे आणि प्लगही काढलेला आहे. मग ते फोडण्यात धोका कसला?

घरोघरी हाच समज सर्वांत पक्का असतो, आणि या विषयातील बहुतेक अपघात त्याच्यापाशीच सुरू होतात. प्लग काढल्याने बाहेरून येणारी वीज थांबते. उपकरणात आधीपासून जे साठलेले असते ते तसेच राहते. मायक्रोवेव्हच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवून ठेवणाऱ्या भागात, दोन हजार व्होल्टच्या आसपासचा भार शिल्लक राहू शकतो. तो आपोआप उतरावा यासाठी आत एक रेझिस्टर बसवलेला असतो खरा, पण तो निकामी झाला असेल तर बाहेरून काहीही कळत नाही. आणि बंद पडलेल्या यंत्रात नेमके काय निकामी झाले आहे हे ते उघडणाऱ्याला ठाऊक नसते.

जुन्या, खोक्यासारख्या टीव्हीची गोष्ट याहून वाईट आहे. त्याच्या पिक्चर ट्यूबला चालू असताना वीस ते पंचवीस हजार व्होल्ट दिलेले असतात आणि ट्यूबची काच तो भार बराच काळ धरून ठेवते. शिवाय ट्यूबच्या आत हवा नसते. चाळीस सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर उंच अशा पडद्यावर बाहेरची हवा सुमारे १२०० किलो वजनाएवढा दाब सतत देत असते. पडद्यावर हातोडा मारला किंवा टीव्ही गच्चीवरून खाली टाकला की काच आधी आत कोसळते आणि त्याच वेगाने पलीकडून बाहेर उडते. त्या काचेत शिसे असते. हातोडा मारणारा निदान सावध असतो. दोन हातांवर मोबाइल धरून उभ्या असलेल्या धाकट्या भावाचा चेहरा मात्र उघडा असतो.

फ्रिजमध्ये वायू साठलेला असतो. अलीकडच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, भरलेला असतो. तो ज्वालाग्राही आहे. कॉम्प्रेसरवरील पट्टीवर हे नाव आणि ज्वालेचे चिन्ह छापलेले असते, ते एकदा मुलांना प्रत्यक्ष दाखवावे. वायूचे प्रमाण काही ग्रॅमच असते, परंतु नळी कापली आणि जवळ ठिणगी पडली तर भडका उडण्यास तेवढे पुरते. फ्रिज पेटवून दिला तर त्याच्या भिंतींतील फोम जळून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे दोन्ही विषारी वायू बाहेर पडतात.

मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरने लाकडावर विजेची नक्षी जाळतात, ते घरी करता येईल का?

नाही. या पानावरील सर्व प्रकारांत सर्वांत प्राणघातक कोणता असे विचारले तर मी याच्याकडे बोट दाखवीन, आणि म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

मायक्रोवेव्हमधून काढलेला ट्रान्सफॉर्मर ओट्यावर ठेवून पाहिला तर तो तीन-चार किलोंचा लोखंडी पट्ट्यांचा ठोकळा दिसतो. त्यावर एका बाजूला जाड तारेचे कमी वेढे असतात आणि दुसऱ्या बाजूला लालसर, बारीक तारेचे त्याहून कितीतरी अधिक वेढे. त्या बारीक तारेचे एक टोक लोखंडी ठोकळ्यालाच जोडलेले असते. जाड बाजूला घरची २३० व्होल्टची वीज दिली की बारीक बाजूला सुमारे २००० व्होल्ट मिळतात. इतका दाब कोरड्या कातडीला जुमानत नाही. शिवाय हा ट्रान्सफॉर्मर अन्न शिजवण्याएवढी शक्ती पुरवण्यासाठी बनवलेला असतो, त्यामुळे त्यातून निघणारा प्रवाह काहीशे मिलिअँपिअरपर्यंत सहज जातो. आणि छातीतून गेलेला शंभर मिलिअँपिअरच्या आतला प्रवाहही हृदयाची लय बिघडवण्यास पुरेसा असतो.

लाकडावर झाडाच्या फांद्यांसारखी उमटणारी नक्षी सुंदर दिसते, हे मान्य केलेच पाहिजे. मुलांना ती आवडते यात त्यांचा दोष नाही. परंतु या प्रकारात जगभर अनेक जणांचे प्राण गेले असून त्यांत अनुभवी कारागीरही होते. अमेरिकेतील लाकूड कातणाऱ्या कारागिरांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या कार्यक्रमांत या प्रकाराला पूर्ण मनाई केली आहे. ज्यांचे आयुष्य लाकडावर काम करण्यात गेले त्यांनी घेतलेला हा निर्णय आहे, तेव्हा घरच्या गच्चीवर तो वेगळा ठरण्याचे काहीच कारण नाही.

आमच्या घरात ईएलसीबी बसवलेले आहे. शॉक लागला तर ते लगेच पडणार नाही का?

वर सांगितलेल्या प्रकारात पडणार नाही. ईएलसीबी घरात आलेला प्रवाह आणि परत गेलेला प्रवाह यांची तुलना करते आणि दोन्हींत साधारण ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की वीज तोडते. ट्रान्सफॉर्मरच्या उच्च दाबाच्या बाजूचे मंडल स्वतंत्र असते. तिथला प्रवाह माणसाच्या शरीरातून फिरून त्याच ट्रान्सफॉर्मरकडे परत जातो आणि ईएलसीबीला काहीच वेगळे दिसत नाही. एमसीबीचे काम तर तारा तापण्यापासून वाचवण्याचे आहे. माणसाला लागणाऱ्या शॉकचा प्रवाह तिच्या दृष्टीने नगण्य असतो. घरात ईएलसीबी असणे अत्यंत आवश्यक आहे आणि नसेल तर ते आजच बसवावे, परंतु त्याच्या भरवशावर असले प्रयोग करता येत नाहीत.

मायक्रोवेव्हमध्ये द्राक्ष किंवा अंडे ठेवून पाहणे तरी निरुपद्रवी आहे ना?

तेही नाही. अर्धे कापलेले द्राक्ष ठेवले की ठिणगी उडते आणि तेजस्वी गोळा दिसतो, हे खरे आहे. त्यामागचे भौतिकशास्त्र कॅनडातील तीन संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्धही केले. द्राक्षात मुख्यतः पाणी असल्यामुळे मायक्रोवेव्ह लहरी त्याच्या आकारात अडकतात आणि दोन तुकडे एकमेकांना टेकतात त्या जागी ऊर्जा एकवटते. विषय वाचण्यासारखा आहे, पण तो गोळा भट्टीच्या छताला छिद्र पाडू शकतो किंवा मॅग्नेट्रॉनसमोरील (लहरी तयार करणाऱ्या भागासमोरील) अभ्रकाची पातळ पट्टी जाळू शकतो, आणि मग तीच भट्टी दुसऱ्या दिवशी आई दूध तापवण्यासाठी वापरते.

सालीसकट अंडे भट्टीतच फुटू शकते, आणि तिथे फुटले नाही तर बाहेर काढल्यावर फुटू शकते. सुरी किंवा दात लागेपर्यंत ते शांत असते आणि मग उकळता बलक थेट तोंडावर उडतो. गुळगुळीत काचेच्या पेल्यात तापवलेले पाणीही असेच फसवते : ते उत्कलनबिंदूच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि त्यात चमचा किंवा कॉफी घातली की एकदम उसळते.

वॉशिंग मशीनमध्ये वीट टाकण्याचे व्हिडिओ आहेत. त्यात जीवघेणे असे काय आहे?

कपडे पिळताना ड्रम मिनिटाला सातशे ते चौदाशे फेरे घेतो. पुढून उघडणाऱ्या मशीनमध्ये तोल राखण्यासाठी काँक्रीटचे किंवा लोखंडाचे वजन बसवलेले असते. वीट घातल्यावर ड्रम स्प्रिंगांवरून सुटतो, तो वजनाचा ठोकळा फुटतो, काचेचे दार निखळते आणि संपूर्ण मशीन जागेवरून चालू लागते. मशीनला वीज आणि पाणी अशा दोन्ही जोडण्या असतात. तारेचे वेष्टन सोलले जाऊन ओल्या फरशीवर वीज उतरण्यास याहून चांगली सोय नाही. व्हिडिओतील मंडळी बहुधा मोकळ्या मैदानात, लांब तारेवर आणि बरेच दूर उभी असतात. आपल्याकडे मशीन बाथरूमच्या दारात असते.

कुकरची शिट्टी दाबून धरणे किंवा गीझरचा व्हॉल्व्ह बंद करणे याने काय होते?

कुकर साधारणपणे वातावरणापेक्षा एक बार अधिक दाबावर चालतो आणि त्यातील पाणी १२० अंशांपर्यंत तापूनही द्रवरूपात राहते. शिट्टी दाबून धरली तर सेफ्टी व्हॉल्व्ह वितळून वाट मोकळी करतो. परंतु मुलांनी व्हॉल्व्हच्या जागी स्क्रू घट्ट केलेला असेल, किंवा तिथे आधीच डाळ साचून सुकलेली असेल, तर दाबाला जाण्यासाठी झाकणाशिवाय जागा उरत नाही. झाकण सुटताच ते १२० अंशांचे पाणी क्षणात वाफ होऊ लागते. एक लिटर पाण्याची वातावरणीय दाबाला सोळाशे लिटरहून अधिक वाफ होते, यावरून कुकर छताला का आदळतो हे लक्षात येईल. साठवणीच्या गीझरमध्ये पाणी पंधरा किंवा पंचवीस लिटर असते. त्याचा थर्मोस्टॅट आणि सुरक्षा व्हॉल्व्ह दोन्ही निकामी करणे म्हणजे घरात बॉम्ब तयार करणे होय, आणि हे शब्द मी तोलूनमापून वापरत आहे.

पेटलेल्या तेलात पाणी ओतून आगीचा लोळ उठवण्याचा प्रकारही याच जातीचा आहे. तेल पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या तिपटीहून अधिक तापलेले असते. पाणी त्याच्या तळाशी जाऊन वाफ होते आणि ती वाफ जळते तेल बारीक थेंबांच्या रूपात छतापर्यंत फेकते. कढई पेटली तर गॅस बंद करून वर सपाट झाकण सरकवावे आणि कढई जागची हलवू नये.

होळीत डिओडरंटचे रिकामे डबे टाकले तर फक्त आवाज होतो. त्याला एवढे महत्त्व का द्यायचे?

कारण डबा रिकामा नसतो. फवारा येईनासा झाला तरी आत वायू उरलेला असतो, आणि बहुतेक स्प्रेंमध्ये हा वायू म्हणजे ब्युटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण, स्वयंपाकाच्या गॅसचेच घटक. डब्यावर स्पष्ट छापलेले असते की तो ५० अंशांहून अधिक तापमानात ठेवू नये. होळीच्या निखाऱ्यांत तापमान त्याच्या दहापटीहून अधिक असते. डबा तळापासून फाटतो आणि उरलेला भाग कोणत्या दिशेने जाईल हे कोणालाही सांगता येत नाही. आपल्याकडे होळीभोवती बायका नारळ आणि पुरणपोळीचा नैवेद्य घेऊन उभ्या असतात, लहान मुले प्रदक्षिणा घालत असतात; म्हणजे पत्र्याचा तुकडा कोणत्याही दिशेने गेला तरी तिथे माणूस असतोच.

लायटरसमोर स्प्रे धरून ज्वाला काढण्याचा प्रकार थोडा वेगळा आहे. फवारा थांबवताना ज्वाला डब्याच्या तोंडाशी येते, बोटे भाजतात आणि दचकून डबा पेटत्या अवस्थेत हातातून सुटतो. बंद खोलीत आधी बराच स्प्रे मारून मग काडी ओढणे याहून भयंकर आहे. हवेत या वायूचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत असले तरी मिश्रण पेट घेऊ शकते, आणि वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे पलंगाखाली, कपाटामागे साचून राहतो. खोलीत वास जाणवेनासा झाला म्हणून खाली वायू नाही असे होत नाही.

सॅनिटायझर हातावर पेटवला तर तो लगेच विझतो, असे मुले म्हणतात.

सॅनिटायझरमध्ये साधारण सत्तर टक्के अल्कोहोल असते आणि ते आपल्या खोलीच्या तापमानालाच पेट घेते. त्याची ज्वाला फिकट निळी असते. इंदूरच्या उन्हात ती दिसतच नाही. मुलाला वाटते विझले आणि तो हात टीशर्टला पुसतो, तोपर्यंत टीशर्ट पेटलेला असतो. जेल स्वरूपातील सॅनिटायझर कातडीला चिकटून जळतो. पेट्रोल आणि थिनर यांच्या बाबतीत जळते ती मुख्यतः वाफ, आणि ती बाटलीपासून बऱ्याच अंतरावर असलेल्या ज्वालेपर्यंत जमिनीलगत सरकत जाते. आगीत बाटलीने पेट्रोल ओतणाऱ्याच्या हातातील बाटलीच पेटते ती याच कारणाने.

झांकीच्या मिरवणुकीत अखाड्याचे पहेलवान तोंडातून आग काढतात आणि सराफ्याच्या खाऊबाजारात फायर पान (पेटते पान) मिळते. मग घरी का नको?

अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्यांबरोबर चालणाऱ्या अखाड्यांचे खेळाडू वर्षानुवर्षे उस्तादाच्या नजरेखाली सराव करतात, आणि तरीही तोंडात रॉकेल घेण्याच्या प्रकाराचे समर्थन मी करणार नाही. रॉकेलचा पातळ थेंब श्वासाबरोबर फुप्फुसात गेला की काही तासांत रासायनिक न्यूमोनिया होतो. चटका न बसताही मुलाला रुग्णालयात दाखल करावे लागते. अशा वेळी उलटी काढायला लावणे घातक असते, कारण वर येताना तेच रॉकेल पुन्हा श्वासनलिकेत जाते. फायर पानात ज्वाला क्षणभराची असते आणि ओठ मिटताच हवा न मिळाल्याने विझते. विक्रेत्याचा हात त्यात बसलेला असतो. घरी ते करताना दाढी, ओढणी किंवा मोकळे केस पेटतात.

कार्बाइड गन म्हणजे खेळण्यातली बंदूक नाही का?

ती, म्हणजे कार्बाइडच्या वायूचा स्फोट करून आवाज काढणारी नळी, खेळणे म्हणून विकली गेली, हेच तर दुर्दैव आहे. २०२५ च्या दिवाळीत भोपाळसह मध्य प्रदेशातील अनेक शहरांत या गनमुळे मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्या आणि काहींची दृष्टी गेली. त्यानंतर राज्यातील अनेक जिल्ह्यांत प्रशासनाने तिच्या विक्रीवर बंदी घातली.

कॅल्शियम कार्बाइडला पाणी लागले की ॲसिटिलीन वायू तयार होतो. वेल्डिंगच्या दुकानात जो वायू लोखंड कापतो तो हाच. स्वयंपाकाचा गॅस हवेत सुमारे दोन ते साडेनऊ टक्के या मर्यादेतच पेटतो. ॲसिटिलीन मात्र अडीच टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात पेट घेतो, म्हणजे त्याच्या बाबतीत 'प्रमाण चुकले, आता काही होणार नाही' असे कधीच म्हणता येत नाही. अनेक मुलांच्या बाबतीत घडले ते असे : ठिणगी दिली, आवाज झाला नाही, काय अडकले म्हणून मुलाने नळीत डोकावून पाहिले आणि त्याच क्षणी स्फोट झाला. नळीतून ज्वालेबरोबर कार्बाइडचे कण आणि ओला चुना बाहेर फेकला जातो. चुना अल्कधर्मी असल्यामुळे ज्वाला विझल्यानंतरही तो बुबुळ जाळत राहतो. म्हणूनच अशा वेळी डोळा चोळू न देता, पापण्या उघड्या धरून, स्वच्छ पाण्याची धार सतत वीस मिनिटे सोडावी आणि त्यानंतर विलंब न लावता नेत्ररुग्णालय गाठावे. दवाखान्यात नेण्याच्या घाईत धुणे राहून गेले तर नुकसान वाढते.

घरात कार्बाइडची पुडी सापडली तर ती मोरीत किंवा कचऱ्याच्या ओल्या डब्यात टाकू नये. कोरड्या बरणीत ठेवून ती धोकादायक कचरा म्हणून द्यावी.

गौतमपुऱ्याचे हिंगोट युद्ध ही तर परंपरा आहे. मुलांनी हिंगोट करून पाहिले तर?

इंदूरपासून साधारण पन्नास-साठ किलोमीटरवरील गौतमपुरा येथे दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गौतमपुऱ्याचा तुर्रा आणि रूणजीचा कलंगी हे दोन संघ एकमेकांवर हिंगोट फेकतात. हिंगोटाचे फळ पोखरून, वाळवून, त्यात दारू भरतात, तोंड मातीने बंद करतात आणि दिशा मिळावी म्हणून बांबूची काडी बांधतात. खेळणाऱ्यांच्या हातात ढाल असते, डोक्याला फेटा असतो, मैदानाबाहेर जाळ्या, अग्निशमन दलाची गाडी आणि रुग्णवाहिका उभी असते. एवढे असूनही दर वर्षी माणसे जखमी होतात आणि मृत्यूही झालेले आहेत. त्या गावांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये, स्कूटरच्या रांगांमध्ये हिंगोट पेटवणाऱ्या मुलांजवळ त्यातील ढालही नसते. सुतळी बॉम्बवर स्टीलचा पेला किंवा मडके उपडे घालण्याचा प्रकारही तसाच : फटाका कागदाचा असतो, उडणारे तुकडे मात्र पोलादाचे किंवा भाजलेल्या मातीचे होतात.

रंगपंचमीच्या गेरमध्ये (रंगांच्या मिरवणुकीत) उडणाऱ्या गुलालात ज्वाला सोडून रील बनवावी, असे आमच्या मुलाच्या मित्रांचे चालले आहे.

त्यांना आजच थांबवावे. कोरडा गुलाल बहुधा मक्याच्या स्टार्चपासून बनतो आणि स्टार्चची बारीक भुकटी हवेत पसरली असता ती पेट घेते. २७ जून २०१५ रोजी तैवानमधील एका जलक्रीडा उद्यानात रंगाच्या कार्यक्रमात असाच भुकटीचा ढग मंचाजवळ पेटला. १५ जणांचा मृत्यू झाला आणि सुमारे पाचशे जण भाजले. तिथे जमलेल्या तरुणांच्या अंगावर, केसांत आणि पायाखाली तीच भुकटी होती. राजवाड्यासमोर गेरच्या दिवशी मुंगी शिरायला जागा नसते. स्वयंपाकघरात गॅसच्या ज्योतीवर मैदा उधळण्याचा प्रकार याच कारणाने धोक्याचा आहे.

जुन्या मोबाइलची फुगलेली बॅटरी खिळ्याने फोडली तर काय होते?

आतील दोन थरांमधला पातळ पडदा फाटतो, शॉर्ट होतो आणि सेल स्वतःच्याच उष्णतेने आणखी तापत जातो. ही साखळी सुरू झाली की ती बाहेरून तोडणे कठीण असते, आणि धुरात हायड्रोजन फ्लोराइड असल्यामुळे तो फुप्फुसांना घातक ठरतो. विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते. फुगलेली बॅटरी चार्ज करू नये, दाबू नये. कोरडी वाळू भरलेल्या मातीच्या भांड्यात घालून घराबाहेर, सावलीत ठेवावी आणि ई-कचऱ्यात द्यावी.

मुलगा असे व्हिडिओ पाहतो आणि करूनही पाहतो. त्याच्याशी कसे बोलावे?

'मोबाइल काढून घेऊ का?' असे अनेक आया विचारतात. माझ्या अनुभवात त्याने एवढेच होते की पुढचा प्रयोग आपल्या नजरेआड, मित्राच्या गच्चीवर होतो. त्यापेक्षा तो व्हिडिओ त्याच्याबरोबर बसून पाहावा आणि विचारावे की कॅमेरा नेमका कुठे थांबवला आहे, मध्ये किती ठिकाणी काटछाट आहे, आणि जो माणूस हे करतो त्याच्यापासून दुसरा माणूस किती दूर उभा आहे. मुले हुशार असतात. या प्रश्नांची उत्तरे ती स्वतःच देतात. यूट्यूबनेही २०१९ च्या जानेवारीत जिवाला धोका असणाऱ्या खोड्या आणि आव्हानांच्या व्हिडिओंवर बंदी असल्याचे आपल्या नियमांत स्पष्ट केले आहे, आणि नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक मिळाल्यास चॅनेल बंद होतो. चॅनेल वाढवण्याचे स्वप्न पाहणाऱ्या मुलाला हे ठाऊक असावे.

उपकरणाच्या आत काय आहे हे पाहण्याची ओढ मात्र मारू नये. तीच ओढ पुढे चांगला कारागीर किंवा अभियंता घडवते. जळालेला मिक्सर त्याला मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली उघडू द्यावा. तळाचे स्क्रू काढले की मोटर दिसते, तांब्याच्या तारेचे वेढे दिसतात, आणि दोन बाजूंना स्प्रिंगने दाबलेले कार्बनचे छोटे काळे तुकडे दिसतात. ते झिजून बोटाच्या पेराएवढेही उरलेले नसतील तर मिक्सर का बंद पडला हे मुलाला तिथेच कळते. जुनी इस्त्रीही चालेल. मायक्रोवेव्ह, पिक्चर ट्यूबचा टीव्ही, इन्व्हर्टर, फ्रिज आणि एसी ही उपकरणे मात्र शिकण्यासाठीही घरी उघडू नयेत.

यात कायद्याचा संबंध येतो का? वस्तू तर आमच्याच मालकीची आहे.

येतो. वस्तू स्वतःची असली तरी शेजाऱ्याचा जीव स्वतःचा नसतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ नुसार आग किंवा ज्वलनशील पदार्थ निष्काळजीपणे हाताळून दुसऱ्याच्या जिवाला धोका निर्माण केल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. स्फोटक पदार्थांसाठी कलम २८८ आहे. कोणाला गंभीर दुखापत झाली तर कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत, आणि मृत्यू झाला तर कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. अठरा वर्षांखालील मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळासमोर जाते. पुरावा गोळा करण्याची गरजही पडत नाही, कारण तो मुलानेच चित्रित करून ठेवलेला असतो.

कोणी भाजल्यास पहिल्या काही मिनिटांत काय करावे?

कपडे पेटले असतील तर पळू देऊ नये. जमिनीवर आडवे करून लोळवावे किंवा जाड सुती चादर, घोंगडी लपेटावी. नायलॉनची साडी किंवा सिंथेटिक ब्लँकेट वापरू नये, ते वितळून कातडीला चिकटते. आग विझताच भाजलेल्या भागावर नळाचे साधे, गार पाणी वीस मिनिटे सोडावे. घड्याळ लावून वीस मिनिटे, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटेही पुष्कळ वाटतात. अपघातानंतर तीन तासांपर्यंत या पाण्याचा उपयोग होतो, त्यामुळे उशीर झाला म्हणून ते टाळू नये. भाग खूप मोठा असेल किंवा मूल लहान असेल तर उरलेले शरीर गारठणार नाही याकडे लक्ष ठेवावे. सूज येण्यापूर्वी अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, कंबरपट्टा काढून घ्यावा; कातडीला चिकटलेले कापड मात्र ओढू नये.

बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, बटाट्याचा कीस यांपैकी काहीही लावू नये. आजीच्या मायेने लावलेले तूप रुग्णालयात खरवडून काढावे लागते आणि त्या वेदना मूळ भाजण्याइतक्याच असतात. स्वच्छ सुती कापडाने किंवा स्वयंपाकघरातील पारदर्शक प्लास्टिक फिल्मने भाग सैलसर झाकून रुग्णाला न्यावे. चेहरा, डोळे, हात किंवा सांधे भाजले असतील, आवाज घोगरा झाला असेल किंवा नाकातील केस जळलेले दिसत असतील, तर जखम लहान वाटली तरी एम. वाय. रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयातच जावे. रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशमनासाठी १०१, आणि काहीच आठवत नसेल तर ११२ लावावा. गॅस गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे.

शॉक लागून मुलगा उठून बसला आणि बरा दिसतो. तरी डॉक्टरांकडे न्यावे का?

अवश्य न्यावे. विजेने कातडीवर दोन लहान डाग पडतात, पण प्रवाह आतील स्नायू आणि रक्तवाहिन्या जाळत गेलेला असतो, आणि हृदयाच्या लयीतील बिघाड ईसीजीशिवाय कळत नाही. घटनेच्या वेळी तो विजेला चिकटलेला असेल तर आधी मेन स्विच बंद करावा. उच्च दाबाच्या ट्रान्सफॉर्मरजवळ तो पडला असेल तर कोरडी काठी हातात घेऊनही पुढे जाऊ नये. वीज तोडल्याशिवाय कोणीही हात लावू नये, आई-वडिलांनीही नाही. श्वास बंद असेल तर छाती दाबणे ताबडतोब सुरू करावे.

मग जुनी उपकरणे आणि डबे द्यायचे कुठे?

इंदूरमध्ये दारावर येणारी महापालिकेची कचरा गाडी सहा प्रकारचा कचरा वेगवेगळा घेते आणि त्यात ई-कचरा व घरगुती धोकादायक कचरा यांसाठी स्वतंत्र जागा असते. चार्जर, मिक्सर, बॅटऱ्या ई-कचऱ्यात द्याव्यात. स्प्रेचे डबे, थिनर, रंगाचे अवशेष आणि कार्बाइड धोकादायक कचऱ्यात द्यावेत व देताना सफाई मित्राला तोंडी सांगावे, म्हणजे तो डबा दाबयंत्रात जाणार नाही. फ्रिज आणि एसी विकताना भंगारवाल्याला नळी कापू देऊ नये. नवे उपकरण घेताना जुने बदल्यात देणे किंवा मान्यताप्राप्त ई-कचरा केंद्राला देणे हा मार्ग सुरक्षित आहे. गॅस सिलिंडर, मग तो १४.२ किलोंचा असो वा ५ किलोंचा, कधीही भंगारात जात नाही. तो रिकामा असला तरी एजन्सीकडेच परत करावा आणि अनामत रकमेची पावती सापडत नसली तरी तसेच करावे. पावतीच्या बदली काय लिहून द्यायचे ते एजन्सीत सांगतात.